मामा फितूर नव्हता

आमच्या वस्तीत कुणी घरातली गोष्ट बाहेर बोललं, की जुनी माणसं अजून म्हणतात, “काय रं, मामावर गेलास का?” ज्या पोराला म्हणतात त्याला तो मामा कोण, हे ठाऊक नसतं. माणूस गेला आणि त्याचा टोमणा झाला. तो माझा मामा होता, आईचा सख्खा धाकटा भाऊ. आणि ती गोष्ट त्याने सांगितलेली नव्हती. मी सांगितली होती.

एवढं लिहून झालं की पुढचं आपोआप येईल असं वाटलं होतं. येत नाही. मी शाळेत शिकवते, पोरांना निबंध लिहायला लावते, आणि स्वतःवर आलं की पेन अडतं. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांची लिहावीत त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावात आहेत, एकमेकांच्या लग्नाला जातात, मयतीला जातात. त्यांच्यात पुन्हा काही पेटावं, असा माझा हेतू नाही.

आमचं गाव सोनपेठच्या बाजूला. डांबरी रस्त्यापासून आत, म्हणून एस.टी. फाट्यावरच थांबायची आणि तिथून चालत यायचं. वस्ती गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या अलीकडे. आज्याच्या वेळेला सगळी वस्ती बौद्ध झाली, तेव्हापासून मेलेली ढोरं ओढायचं काम बंद झालं आणि गावाचं वस्तीशी असलेलं सरळ बोलणंही बंद झालं, असं आई सांगायची. माझे वडील मी लहान असतानाच काविळीने गेले. विधवा बहिणीला आधार नको का, म्हणून मामा आपलं गाव सोडून आमच्याकडे राहायला आला आणि गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालाने लागला. साल म्हणजे वर्षाचा करार. वर्षभर त्या घरचं शेत, त्या घरची बैलं, त्या घरची भाकरी.

मामाने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, “बहीन हाय, भाची हाय. आजून किती बायका बघू घरात?” उंच होता, थोडा वाकलेला. बोलताना समोरच्याकडे न बघता जमिनीकडे बघायचा. वस्तीत तो कितीही वर्षं राहिला तरी बाहेरचाच होता. हे मला तेव्हा जाणवत नव्हतं. वस्तीला ते कधीच विसरलेलं नव्हतं.

ज्याच्यासाठी मी हे सगळं केलं तो मामाच्या मालकाचा धाकटा मुलगा. तो सोनपेठला बारावीला होता, मी दहावीला. सकाळी फाट्यावर आम्ही एकाच बसची वाट बघायचो आणि एकमेकांना ओळखत नव्हतो. तो चहाच्या टपरीपाशी उभा राहायचा, मी लिंबाखाली. ओळख झाली ती त्यांच्याच वावरात. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर कापूस वेचायला जायचे आणि बायांवर लक्ष ठेवायला घरचे त्याला पाठवायचे. मालकांची घागर बांधावर झाडाखाली असायची. आम्ही ओंजळ धरायची आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं. आईने मला घरूनच पाण्याची चरवी न्यायची सवय लावली होती. “वंजळ धरू नको. आपलं पानी प्यावं,” म्हणायची.

एक दिवस दुपारी बाया लांबच्या ओळीत गेल्या होत्या. तो माझ्याजवळ आला.

“तुजी चरवी दे.”

“तिच्यात आमचं पानी हाय.”

“पानीच हाय न?”

त्याने चरवीला तोंड लावून पाणी प्यायलं आणि तशीच माझ्या हातात दिली. मी घाबरून आजूबाजूला बघितलं. त्याने ते माझ्या आधीच बघून घेतलेलं होतं. हे मला त्याच क्षणी दिसलं. पण त्याचा अर्थ लावावा असं वाटलं नाही. सोळा वर्षांच्या मुलीला तेवढ्या एका घोटात सगळं जग बदललेलं दिसतं.

पुढे आम्ही ओढ्याच्या वळणावर त्यांच्या करडीच्या वावराशेजारी भेटायला लागलो. करडीत काटे फार, त्यामुळे तिकडे विनाकारण कुणी फिरकत नाही. आम्ही बांधावर बसायचो, मध्ये पुस्तकाची पिशवी. प्रेम हा शब्द आमच्यात कधी आला नाही. तो चेष्टा करायचा, मी उत्तर द्यायचे.

“तुज्या पायात काटे जात न्हाईत का?”

“आमच्या पायाला सवय हाय. तुजे पाय मऊ, दूध पिऊन पिऊन.”

“दूध डेअरीला जातंय. आमचा बाप प्यायला देतोय व्हय?”

त्या वर्षांत नामांतराशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. विद्यापीठाला नाव द्यायचं की नाही, यावरून चहाच्या टपरीवर माणसं वेगवेगळ्या बाकड्यांवर बसायला लागली होती. आमची पोरं मोर्चाला जायची, कधी जेलमध्ये जाऊन यायची. तो या विषयावर माझ्याशी बोलायचा नाही. मीही काढायचे नाही. एकदाच मी म्हणाले, “तुमाला नावाचं येवढं काय?” तो म्हणाला, “मला काही न्हाई. दादाला इचार.” दादा म्हणजे त्याचा मोठा भाऊ, गावातल्या तापट पोरांचा म्होरक्या. मला ते उत्तर पुरलं.

हिवाळ्यात येळवस आली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याची कोप उभी करायची, आत पांढरे दगड मांडून पूजा करायची, आणि मग भज्जी, भाकरी, आंबील. सगळ्या भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवले की भज्जी, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवलं की आंबील. त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. गावात म्हातारी माणसं आणि कुत्री तेवढी उरतात.

“येळवशीला तुमाला बोलावतोच की आमी,” तो म्हणाला.

“बोलावता. बांधाच्या खाली बसवता, वरून वाढता.”

त्याने मधली पुस्तकाची पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाला, “औंदा इथं जेवू. दोघं. एका ताटात. मी घरून भज्जी आन आंबील आनतो. तू भाकर आन.”

“तुजी आई इचारंल, कुनाला न्यायलास?”

“सांगतो, बांधावरच्या म्हसोबाला.”

“मी म्हसोबा व्हय?”

“कोपतीस तर तशीच.”

एका ताटात. मला दुसरं काही ऐकूच आलं नाही त्या दिवशी.

त्याच येळवशीचा आमच्या वस्तीतल्या पोरांनीही विचार केला होता. वस्तीतून पहिल्यांदा कॉलेजात गेलेला एक पोरगा होता, सगळे त्याला अर्ध्या चेष्टेने, अर्ध्या मानाने पुढारी म्हणायचे. वस्तीला आम्ही नवं नाव घेतलं होतं, पण गाव जुन्याच नावाने हाक मारायचं. पुढाऱ्याचं म्हणणं, गाव रानात गेलं की भर दुपारी गावच्या वेशीत पाटी रोवायची. पाटीवर वस्तीचं नवं नाव, खाली नामांतराची घोषणा. गाव संध्याकाळी परत येईल तेव्हा पाटी उभी असेल. पाटी रंगवायचं काम त्याने मला दिलं.

“अक्षर चांगलं हाय तुजं. पन तोंड बंद ठिव.”

“माज्या तोंडाला काय झालंय?”

“काही झालं न्हाई, म्हून तर म्हनलं. आन मामाला सांगू नको. मानूस चांगला हाय, पन भाकर तिकडची खातो.”

मला राग आला. मामाबद्दल असं बोललेलं आवडलं नाही. तरी मी मामाला सांगितलं नाही, शब्द पाळला. मी ज्याला सांगितलं त्याचं नाव पुढाऱ्याच्या डोक्यातही आलं नसतं.

अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळी फाट्यावर बसला उशीर होता. टपरी बंद होती, आणखी कुणी नव्हतं. तो लिंबाखाली आला. मी म्हणाले, “उद्या दुपारी येशीकडून येऊ नको. रानातल्या पांदीनं ये.”

“कामून?”

मी सांगायला नको होतं. नुसतं ‘माझं ऐक’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्या माणसापासून काही लपवू नये, असं मला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही होता, की आमची पोरं काहीतरी करतायत आणि ते मला माहीत आहे.

“आमची पोरं येशीत पाटी लावनार हायेत. भांडन झालं आन तू मधी सापडलास तर?”

तो हसला. “मी कशाला सापडतो? मी तर म्हसोबाला निवद घेऊन जानार.”

त्याच दिवशी संध्याकाळी बेत बदलला. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने पुढाऱ्याला अडवलं. वेस गावाची, तिथे हात लावला तर भांडणाला निमित्तच मिळेल. फाटा सरकारी रस्त्यावरचा, तिथे कुणी काही म्हणू शकत नाही. पोरांना पटलं. फाट्यावर मुरूम होता, खड्ड्याला जड पहार हवी होती, आणि तशी पहार वस्तीत फक्त मामाकडे. म्हणून अखेर मामालाही सांगावं लागलं. त्याला सांगितलं ते एवढंच, की फाट्यावर पाटी रोवायची आहे. वेशीचा बेत होता आणि तो बदलला, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कारणही नव्हतं.

मामा घरी येऊन पहार पुसत बसला. “फाट्यावर खड्डा खांदायचाय म्हने. दगडच लागंल तिथं.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “फाट्यावर? येशीत न्हाई का?”

मामाने मान वर केली. “येशीत कामून?”

“काही न्हाई. मला वाटलं.”

तो पुन्हा पहार पुसायला लागला. मी चुलीपुढे गेले. मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं, की आता वेशीत काही होणारच नाही, तो कुठूनही आला तरी चालेल. त्याच्याकडून काही धोका असेल, हा विचार माझ्या मनाच्या जवळपासही नव्हता. हे लिहिताना मला स्वतःचीच कीव येते, आणि मग ती कीव करायचा हक्क आपल्याला नाही हेही कळतं.

सकाळी मामा मालकाच्या रानात गेला. आई म्हणाली, “आज नको जाऊस.” तो म्हणाला, “न्हाई गेलो तर त्यान्ला वास येईल. दरसाल मीच कोप घालतो.” पोरं पहार आणि पाटी घेऊन फाट्याकडे गेली. मी फडक्यात भाकरी बांधून ओढ्याकडे गेले. आईला सांगितलं, मैत्रिणीच्या रानात जाते.

मी बांधावर बसले. दूरवर रानारानांतून माणसांचे आवाज, कुठे हसणं, कुठे पोरांची हाळी. ऊन डोक्यावर आलं. मी मनात घोकत होते, तो आला की आधी काय म्हणायचं. ऊन उतरायला लागलं. मी भाकरी सोडून बघितली, पुन्हा बांधली. मला वाटलं, त्याच्या आईने अडवलं असेल. मग वाटलं, पाहुणे आले असतील. त्याच्या बाजूने मी कितीतरी कारणं तयार केली. मग वस्तीच्या दिशेला धूर दिसला.

मी पोचले तेव्हा ते लोक निघून गेले होते. कडब्याच्या गंजी जळत होत्या, दारादारात घागरी फुटलेल्या. पुढचं सगळं मला बायांकडून कळलं. त्याचा मोठा भाऊ आणि त्याच्याबरोबरची माणसं जेवण सोडून वेशीत येऊन दबा धरून बसली होती. तिथे कुणीच येईना. चिडून ती वस्तीवर आली. वस्तीत तेव्हा बाया आणि म्हातारी माणसंच होती. “येशीत पाटी लावता का? येशीत?” असं ओरडत ती घराघरांत शिरली. आमच्या दारात आईने काठी धरली. तिच्या मनगटावर दुसरी काठी बसली. ते मनगट पुढे कधी सरळ झालं नाही.

आई पडवीत बसली होती, हाताला हळदीची चिंधी गुंडाळलेली. ती म्हणाली, “मालकाचा धाकला बी व्हता. कालिजात जानारा. त्याच्या हातात काही नव्हतं. नुस्ता हुभा व्हता.”

माझ्या कमरेला भाकरीचं फडकं तसंच होतं.

पोलीस आले, पंचनामा झाला, पुढे मोठ्या माणसांनी मिटवलं. फाट्यावरची पाटी मात्र राहिली, तिला कुणी हात लावला नाही. पण त्याआधी, दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ती विहारात बसली. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची एक खोली. मी दाराशी बायांत, आईच्या शेजारी.

पुढारी म्हणाला, “येशीचं त्यान्ला कसं कळालं? आपल्यातलंच कुनीतरी बोललं.”

 हळूहळू सगळे मामाकडे बघायला लागले.

“काल कुठं व्हतास?”

“रानात. कोप घातली, पानी आनलं.”

“जेवलास?”

“जेवलो.”

“आंबील गोड लागली आसंल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि एकदोघं हसले.

मामा जमिनीकडे बघत बोलायला लागला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. “म्या न्हाई सांगितलं. जरा सबूर करा, इचार करा. मला येशीचं मालूमच नव्हतं. तुमी मला फाटा सांगितला. फाट्यासाठी माजी पहार नेली. मी सांगितलं आसतं तर ते फाट्यावर आले आसते. येशीत कशाला बसतेत? ज्याला नुस्ती येस मालूम व्हती, त्यानंच…”

तो थांबला. त्याने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मामा कुणाकडे बघून बोलत नसे, म्हणून ती नजर मला अजून आठवते. त्याला पहार पुसतानाचं माझं वाक्य आठवलं होतं. मला ते कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही कळलं.

“त्यानंच काय? बोल की.”

“काही न्हाई,” मामा म्हणाला.

“मंग कुनी सांगितलं?”

“काही न्हाई म्हनलं न. तुमाला काय करायचं ते करा.”

लोकांना तेवढं पुरे झालं. दोन्हीकडून खाणारा, कुणी म्हणालं. बाहेरचा तो बाहेरचाच, आणखी कुणी. मामा उभा होता. मग माझी आई उठली. “माजं मनगट त्यांनी मोडलं आन तू त्यांच्यात बसून जेवलास. आजपासून मला भाऊ न्हाई.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मी कुणाला सांगितलं आणि का सांगितलं, हे पुढच्याच श्वासात विचारलं गेलं असतं. ज्यांच्या माणसांनी माझ्या आईला मारलं त्यांच्या पोराबरोबर मी एका ताटात जेवायला बसणार होते, हे मला पत्र्याच्या त्या खोलीत, आईच्या शेजारी बसून म्हणावं लागलं असतं. माझी शाळा सुटली असती. पुढे वर्षानुवर्षं मी स्वतःची समजूत घातली, की मामाने स्वतःच ठरवलं, मी त्याला गप्प बसायला सांगितलं नव्हतं. हे खरं आहे. सांगायची गरजच पडली नाही.

मामाने साल सोडलं, की मालकाने काढलं, कोण जाणे. तो परळीकडे वीटभट्टीवर गेला. जाताना घरात आला नाही. पहार दारात ठेवून गेला.

त्या मुलाला मी पुन्हा भेटले ती सोनपेठच्या बसस्टँडवर, परीक्षेच्या दिवसांत. माझ्याशी बोलायला नको म्हणून तो पाठमोरा झाला होता. मीच समोर जाऊन उभी राहिले.

“तू सांगितलंस?”

“मी फकस्त दादाला म्हनलं, उद्या येशीकडं जाऊ नको. भांडन व्हईल. त्यानं इचारलं, कामून. मंग…”

“मी तुला सांगितलं व्हतं.”

“सांगितलं तर तूच की,” तो म्हणाला. रागाने नाही. बाजारात भाव सांगावा तसा. “मी काय माज्या मनानं काढलं व्हय?”

बस लागली. तो चढला आणि खिडकीशी बसला. मी पुढच्या बसने गेले. त्या उत्तराने मी फार दिवस जळत राहिले. त्याने मला फसवलं, असं मी स्वतःला सांगायचे, आणि ते होतंच. घरच्यांची बाजू सोडायची वेळ आली तेव्हा तो नुसता उभा राहिला. पण विहारात मी तरी काय केलं होतं? मी तर बसलेली होते. आता तो तालुक्यात मोठा माणूस आहे. कुठे कार्यक्रमात दिसला तर तोच आधी जयभीम घालतो. चांगला घालतो. मी परत घालते.

मला नोकरी लागल्यावर मी एकदा मामाकडे गेले होते. भट्टीशेजारी विटांचीच खोली. त्याने चहा ठेवला, गुळाचा. मी सुरुवात केली, “मामा, त्या येळवशीला…”

“चहा घे आधी.”

मी चहा घेतला. पुन्हा म्हणाले, “मी सांगते वस्तीत. आईला सांगते.”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “माय, तू एकदा बोललीस तेवढं लय झालं. आता नोकरी कर.”

ही क्षमा होती की शिक्षा, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी मात्र ती परवानगी समजले आणि गप्प राहिले. तो वारला तेव्हा मी एकटीच गेले. आईला सांगितलं, शाळेच्या ट्रेनिंगला जाते. नंतर तो गेल्याचं कळवलं तेव्हा आई म्हणाली, “मला तर कवाच मेला,” आणि ज्वारी निवडत राहिली. तिची बोटं मात्र त्याच त्या दाण्यांवर फिरत होती.

आई आता थकली. काही वर्षं माझ्याकडे परभणीला राहत होती. गेल्या वर्षी एका दुपारी पुढारी घरी आला. तोही म्हातारा झालाय, कानाला यंत्र. वस्तीत एक दगड बसवायचा, नामांतराच्या वेळी जे लढले त्यांची नावं त्यावर घालायची, म्हणून विचारायला आला होता. बोलता बोलता चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “फितूर एकच निघाला आपल्यात. तेवढा डाग.” आईने मान खाली घातली. “माजाच भाऊ,” ती म्हणाली. जणू तिनेच काही केलं होतं.

तो गेल्यावर मी आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. चरवी, करडीचं वावर, फाटा, वेस.  शेवटी तिने दोनच प्रश्न विचारले.

“म्हंजी त्यानं सांगितलं न्हाई.”

“न्हाई.”

“आन त्याला मालूम व्हतं, तू सांगितलंस.”

“व्हतं.”

माझं काय झालं, त्या वयात मी काय सोसलं, यातलं काहीच तिने विचारलं नाही. मला आतून आशा होती की विचारेल. तिने पदर डोळ्यांना लावला, तोही माझ्यासाठी नाही. संध्याकाळी जेवली नाही. सकाळी पिशवी घेऊन दारात उभी होती.

“गावाकडं चल.”

आम्ही फाट्यावर उतरलो आणि चालत वस्तीत गेलो. ती स्वतःच्या घराकडे वळली नाही. सरळ पुढाऱ्याच्या दारात गेली. तो बाजेवरून उठला. “आक्का, निरोप द्यायचा न, मी गाडी पाठवली आसती.”

आई मला म्हणाली, “सांग.”

मी उभ्यानेच सांगितलं. त्याची सून दारात येऊन थांबली, तिच्यासमोरही सांगितलं. पुढाऱ्याने यंत्र कानात नीट बसवलं, पुन्हा काढलं.  मग म्हणाला, “आता काय उपेग, आक्का? झालं ते झालं. मामाचं नाव बी घालू दगडावर.”

“दगडाचं मागून बघू,” आई म्हणाली. “तवा पैला तू बोललास. आता ह्ये सगळ्यात पैलं तू ऐकलंस. झालं.”

ती पुढच्या दारात गेली. तिथेही म्हणाली, “सांग.” मग त्याच्या पुढच्या. एका घरी आम्हाला पाणी दिलं. एका घरी म्हातारी मला म्हणाली, “तुज्यापायी त्या मानसाच्या मातीला बी आमी गेलो न्हाई,” आणि आत निघून गेली. एका घरातल्या तरुण पोरांना मामा कोण हेच समजेना, त्यांना आईने आधी तिचा भाऊ कसा होता ते सांगितलं, उंच होता, वाकून चालायचा, आणि मग माझ्याकडे बघितलं.

वस्तीतली कितीतरी घरं आता कुलूपबंद आहेत. कुणी पुण्याला, कुणी औरंगाबादला. अशा प्रत्येक दारापाशी आई थांबायची, कुलपाकडे बघायची, आणि कुणाचं घर ते मला सांगायची.

“ह्यान्ला कसं कळंल?” तिने विचारलं.

मी म्हणाले, “मी लिहिते.”

म्हणून हे लिहिलं. आई गावातच राहिली. मी महिन्याला जाते, ती भाकरी करून वाढते, शेजारच्या बायांशी बोलत बसते. माझ्याकडे परत येईन, असं अजून म्हणालेली नाही.